तळा ते मांदाड, पायी

रायगड जिल्ह्यात वीकएंडला जायचं म्हटलं की आपल्या मंडळींचे दोन तट पडतात. एक समुद्रवाले, दुसरे किल्लेवाले. समुद्रवाले काशीद, मुरुड नाहीतर दिवेआगर गाठतात. किल्लेवाले रायगड, सुधागड, फार तर अवचितगड. या दोघांच्या मधे जो पट्टा उरतो तिथे कुणी उतरत नाही. गाडीच्या काचेतून भातखाचरं दिसतात, एखादा साकव दिसतो, खाडीचं पाणी लकाकतं आणि मागे पडतं. तळा तालुका हा असा मागे पडणारा पट्टा.

आता कुणी म्हणेल, तळ्यालाही किल्ला आहे की! आहे. तळगड. तासाभरात चढून होतो, त्यामुळे 'आज दोन किल्ले मारले' अशा हिशोबात तळगड आणि घोसाळगड जोडीने उरकले जातात. वर जाऊन फोटो, खाली येऊन वडापाव, आणि परत हायवे. या प्रकाराला माझा विरोध नाही, मीही त्यातलाच. पण तळ्याला एक दिवस ठेवा आणि किल्ला चढून झाल्यावर गाडीकडे न वळता पश्चिमेला, खाडीच्या दिशेने चालत सुटा. कुडे लेणी आणि पुढे मांदाड. घाई नको. गाडीरस्ता जमेल तिथे सोडायचा, शेताच्या बांधावरून, वाड्यांमधून, पाण्याच्या कडेने जायचं. असं चाललात की एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरते. इथला खरा ऐतिहासिक अवशेष किल्लाही नाही आणि लेणीही नाहीत. तो आहे पायाखालची वाट. बाकी सगळं त्या वाटेमुळे आलं.

कसं ते सांगतो.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. मुरुडच्या खाली समुद्र जमिनीत आत शिरला आहे, ती राजपुरीची खाडी. खाडीच्या तोंडाशी जंजिरा. खाडी आत येता येता अरुंद होते, तिला फाटे फुटतात, आणि आतल्या टोकाला मांदाडची नदी तिला मिळते. तिथून पूर्वेला थोडं चाललं की तळा. तळ्यापासून साधारण पंधरा किलोमीटरवर इंदापूर, म्हणजे आजचा मुंबई-गोवा हायवे. आणि त्याच्या मागे सह्याद्रीची भिंत, तिच्यातले घाट. थोडक्यात, समुद्रातून होडीने जितकं आत येता येईल तितकं आलात की तुम्ही मांदाडपाशी पोचता. पुढे पाय. रस्ते आणि ट्रक नसतानाच्या काळात याचा अर्थ मोठा होता, कारण ओझं पाण्यावरून नेणं हे डोक्यावरून किंवा बैलाच्या पाठीवरून नेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. जिथे पाणी संपतं आणि पाय सुरू होतात तिथे माल उतरतो. माल उतरतो तिथे माणसं थांबतात. आणि माणसं थांबतात तिथे कुणीतरी वसुलीला बसतं! तळ्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास एवढ्यात बसतो.

पहिला साक्षीदार परदेशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' हे दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं माहितीपत्रक आहे. कुठलं बंदर कुठे, काय मिळतं, काय खपतं अशी रोखठोक माहिती. त्यात कल्याणनंतर दक्षिणेकडे जाताना बंदरांची यादी येते. सेमुल्ला म्हणजे आपलं चौल, आणि त्याच्या पुढचं नाव मंदगोर. टॉलेमीनेही ते दिलं आहे. हे मंदगोर म्हणजेच मांदाड असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. काही जण ते बाणकोटच्या खाडीकडे, मंडणगडाकडे नेतात. वाद मिटलेला नाही. पण मांदाडच्या बाजूने एक मोठा पुरावा उभा आहे, आणि तो चक्क डोंगरात कोरलेला आहे. कुडे लेणी.

कुडे गाव खाडीच्या एका फाट्याशी आहे आणि लेणी वरच्या टेकाडात. एकूण २६. कार्ल्याच्या भव्यतेची अपेक्षा ठेवून जाऊ नका. इथे बहुतेक लेणी लहान, चौकोनी, सपाट छताची. ओटा, खोली, झोपायला दगडी बाक, बाहेर पाण्याचं टाकं. काहींत आत स्तूप. सहाव्या लेण्यात मात्र थोडा थाट आहे. तिथे हत्ती आहेत, भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, आणि पुढे काही शतकांनी कोरलेल्या बुद्धमूर्तीही. सातवाहन काळात, साधारण इसवी सनाच्या आगेमागे, ही लेणी खोदायला सुरुवात झाली.

पण कुड्याला जायचं ते शिल्पांसाठी नाही, शिलालेखांसाठी. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. बर्जेस आणि आपले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम भारतातल्या लेण्यांमधल्या शिलालेखांचं पुस्तक काढलं, त्यात हे लेखही आहेत. लेख छोटे आहेत. अमुकने लेणं दिलं, तमुकने टाकं दिलं. एवढंच. सगळे एकापुढे एक वाचत गेलो की एखाद्या सोसायटीच्या देणगीदारांचा बोर्ड वाचल्यासारखं वाटतं. आणि बोर्ड वाचायला आपल्याला नेहमीच मजा येते, कारण त्यात गावाची सगळी वर्गवारी कळते.

तर बोर्डावर कोण कोण आहेत?

एक वैद्य आहे. सोमदेव त्याचं नाव, बापही वैद्यच. सोबत मुलांची आणि मुलींची नावं. एक माळी आहे. सेठी आहे, म्हणजे आपला शेठ. सथवाह आहेत, म्हणजे सार्थवाह, तांडा घेऊन जाणारे व्यापारी. अयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची बायको भायिला आहे, तिने चैत्यगृह दिलंय. ब्राह्मण घर आणि बुद्धाचे उपासक, यात तेव्हा कुणाला वावगं वाटलेलं दिसत नाही. एक भिक्षुणी आहे, पदुमनिका. तिची आई नागनिका, तीही प्रव्रज्या घेतलेली. तिचे मामा थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू. आणि ती स्वतः शिष्यांना बरोबर घेऊन लेणं आणि टाकं दान करते. आख्खं घर संघात! एक लोहवणिय आहे, म्हणजे लोखंडाचा व्यापारी. त्याचं नाव महिक आणि गाव करहाकड, म्हणजे कराड.

इथे जरा थांबा. कराड ते कुडे सरळ रेषेत मोजलं तरी दीडशे किलोमीटरहून जास्त भरतं. मधे सह्याद्री. सरळ रेषेत कुणी घाट उतरत नाही, म्हणजे प्रत्यक्ष वाट त्याहून कितीतरी लांब. कराडलाही स्वतःची लेणी आहेत, आगाशिवच्या डोंगरात. दानच करायचं तर महिकला घरच्या घरी सोय होती. तरी त्याने पैसे इथे, खाडीकाठी खर्च केले. पुण्य मिळवायला त्याने मुद्दाम एवढी पायपीट केली असेल असं मला वाटत नाही. तो धंद्यासाठीच येत असणार, आणि एकदा नव्हे, अनेकदा. पावसाळ्यात भिक्षू लेण्यात राहत, वाऱ्याची दिशा पाहून गलबतं येत, पाऊस संपला की तांडे घाटाकडे निघत. या चक्रात वर्षानुवर्षं फिरणाऱ्या माणसाला वाटेवरचा मुक्काम हा आपलाच वाटायला लागतो. जिथे आपण निजलो, पाणी प्यालो, कदाचित आजारपणात पडून राहिलो, तिथे आपलं काहीतरी असावं.

आणि आता माझे लाडके. लेखक शिवभूती. लेखक म्हणजे कादंबरीकार नव्हे, कारकून. दफ्तर सांभाळणारा, पत्रं लिहिणारा. त्या काळचा आयटीवालाच म्हणा ना! या भागावर तेव्हा महाभोज नावाचे स्थानिक राजे होते, मांदव कुळाचे. मांदव आणि मांदाड यांचं नातं कानाला लगेच जाणवतं. महाभोज खंदपालित हा राजा आणि शिवभूती त्याच्या पदरचा लेखक. त्याने लेणं दिलं. त्याचा धाकटा भाऊ शिवम याचाही लेख सहाव्या लेण्यात आहे, आणि तो मी पुन्हा पुन्हा वाचतो. कारण त्यात सगळं कुटुंब आहे. शिवम, बायको विजया, चार मुलगे यांनी मिळून दगडातलं रूपकाम केलं. आणि खांब दिले ते चार मुलींनी. मुलींची नावंसुद्धा आहेत. सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता.

म्हणजे देणगीचा हिशोब घरातल्या घरातही वेगळा ठेवलाय. मुलग्यांचं वेगळं, मुलींचं वेगळं. कारकुनाचं घर ते, नोंद नीटच असणार. खंदपालित महाभोजाबद्दल आपल्याला फारसं काही माहीत नाही, त्याचा वाडा कुठे होता तेही नाही. त्याच्या कारकुनाच्या पुतण्यांची नावं मात्र आहेत.

दोन शब्द सांगून पुढे चालू. या लेखांमधे लेण्याला 'लेण' म्हटलंय. आपण आजही तेच म्हणतो. वैद्याला 'वेज' आणि शेठला 'सेठी'. टाक्याला मात्र 'पोढी' म्हणत, तो शब्द आपण हरवला. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या वाक्यातला अर्धा शब्दसंग्रह आपल्या ओठावर असणं ही गंमत लेण्यासमोर उभं राहून अनुभवण्यासारखी आहे.

यानंतर दगडावर नावं कोरणं थांबलं, पण वाट थांबली नाही. आता वळू आपण सकाळी चढलो त्या तळगडाकडे.

तळगड उंच नाही, साधारण हजार फूट. माथा लांबट आणि अरुंद. वर उभं राहिलं की पश्चिमेला खाडी दिसते आणि किल्ल्याचं काम काय ते कुणी न सांगता कळतं. समुद्राकडून आलेला माणूस आणि माल इथून दिसणार. शिवाजीमहाराजांनी १६४८च्या सुमारास तळा आणि घोसाळा हे दोन्ही किल्ले सिद्दीकडून घेतले. जंजिरा समुद्रात आहे, पण जंजिऱ्यावरची माणसं जेवतात जमिनीवर पिकलेला भात. खाडीचं तोंड सिद्दीच्या तोफांखाली, तर खाडीची शेपटी या दोन किल्ल्यांखाली. दोघांनी एकच वाट दोन टोकांना धरून ठेवली होती.

ही चढाओढ किती जिवावरची होती ते १६५९ सालात दिसतं. अफझलखान वाईकडून येतोय, महाराज प्रतापगडाकडे गुंतलेले, आणि ती संधी साधून सिद्दीने तळ्याला वेढा घातला. १० नोव्हेंबरला अफझलखान मारला गेला. ती बातमी आली आणि सिद्दीने वेढा उठवला. प्रतापगडाच्या लढाईची ही खाडीकाठची शाखा आपल्या शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

याहून बोलका पुरावा १६६५चा. पुरंदरचा तह. महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ ठेवले हे आपल्याला पाठ असतं. कोणते ठेवले हे सहसा पाठ नसतं. दिलेल्यांत पुरंदर, कोंढाणा, लोहगड, माहुली असे एकाहून एक बलदंड किल्ले आहेत. आणि ठेवलेल्या बारांत राजगड, तोरणा, रायरी यांच्या पंगतीला तळा आणि घोसाळा! आकाराने पाहिलं तर ही दोन नावं त्या यादीत जरा विचित्रच वाटतात. पण किल्ला किती मोठा हा प्रश्नच नव्हता. तो कशावर बसलाय हा प्रश्न होता. घाटाखालून समुद्रापर्यंत जायला एक स्वतःची वाट हातात राहायला हवी, तर तळा सोडून चालणार नाही. निदान माझा तरी असा हिशोब आहे, आणि तळगडावर उभं राहून खाडीकडे बघताना तो पटतो.

पुढे १७३३ साली पेशवे बाजीराव जंजिऱ्यावरच्या मोहिमेसाठी कोकणात उतरले. त्या वर्षी रायगड सिद्दीकडून परत मिळाला, जंजिरा मिळाला नाही. १८१८ साली इंग्रजांचा कर्नल प्रॉथर या भागात किल्ले घेत फिरला. तळा, घोसाळा, मानगड आणि शेवटी मे महिन्यात रायगड. तळगडाचं लष्करी आयुष्य तिथे संपलं. किल्ल्याखालचा मुलूख इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात गेला, पश्चिमेला मात्र जंजिऱ्याच्या नवाबाचं संस्थान १९४८ पर्यंत चालू राहिलं. म्हणजे तळ्याचा माणूस मुरुडला किंवा म्हसळ्याला सोयरीक जुळवायला निघाला की 'परराज्यात' जात असे. त्या हद्दीची कुठली खूण आज वाटेवर लागत नाही. कुलाब्याचं रायगड झालं ते १९८१ साली.

या सगळ्या राजेरजवाड्यांच्या घडामोडींत खाली, पाण्याच्या पातळीवर, एक काम न थांबता चालू होतं. ते तुम्हाला कुड्याकडे जाताना पायाखाली लागेल. खाडीच्या कडेने जी उंचवट्याची पायवाट जाते ती निसर्गाने केलेली नाही. तो बांध आहे. एका बाजूला तिवरं आणि चिखल, दुसऱ्या बाजूला भातखाचरं. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून माती आणि दगड घालून तो उभारला. मधे मधे उघाडी असतात, म्हणजे पाणी सोडायची दारं. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार दाबून बंद होतं आणि खारं पाणी आत येत नाही. एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, वीज नाही, सेन्सर नाही. अशा खारजमिनी बांधून घेणाऱ्यांना सरकार पूर्वी सवलती देई, मोबदल्यात बांध राखायची जबाबदारी त्यांची. १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला आणि मोठ्या बांधांचं काम सरकारकडे येत गेलं.

बांध हा मोठा नाजूक प्रकार आहे. खेकड्याने बीळ केलं, एका उधाणाला ते बीळ मोठं झालं, आणि वेळेवर कुणी माती घातली नाही तर आख्खं खाजण नापीक होतं. मग दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघायची वाट बघा. म्हणजे ज्या वाटेवरून आपण निवांत फिरतोय ती टिकून आहे कारण दरवर्षी कुणीतरी तिच्यात माती घातली. महिकचं नाव दगडावर आहे. या मंडळींचं कुठेच नाही.

बांधावरून चालायचं तर भरती-ओहोटी माहीत हवी. त्यासाठी ॲपची गरज नाही. कोकणातल्या जुन्या लोकांचा हिशोब एका ओळीचा आहे. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी भरणार. पौर्णिमेला सव्वाअकरा. मिनिटांत बरोबर येत नाही, पण पाय ओले होणार की नाही तेवढं नक्की सांगतं. यापेक्षा लहान आणि इतकी वर्षं बग-फिक्स न लागलेला प्रोग्राम मी पाहिलेला नाही.

वाड्यांमधून चालताना तुम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जाईल. पडवीत बसलेली एखादी आजी हाक मारेल, "कुनाकडं आलाव?" कुठून नव्हे, कुणाकडे. कुणाकडेच नाही आजी, असंच चालतोय, हे उत्तर दिलंत की ती तुमच्याकडे काळजीने बघते, आणि मग पाणी आणून देते. तिचं बरोबरच आहे. या वाटेवर दोन हजार वर्षांत विनाकारण कुणी चाललंच नाही. लोखंड विकायला, वसुलीला, वेढा घालायला, लग्नाला, दवाखान्याला, एसटी पकडायला. उगाच चालणारे आपण पहिलेच.

आणि घरांकडे नीट बघितलंत तर बरीच कुलूपबंद दिसतील. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. खाडीतून गलबतं मुंबईला भात, लाकूड न्यायची, आणि माणसंही त्याच दिशेने गेली. गिरण्यांत, गोदीत, घरकामात. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण माणसं परत आली नाहीत, पुढची पिढी नालासोपारा-दिवा-बदलापूरला स्थिरावली. गावकीचे निर्णय आजही कितीतरी ठिकाणी मुंबईच्या मंडळाशिवाय होत नाहीत. खाडी गाळाने भरत गेली, ट्रक आले, हायवे आला, आणि पाणी संपतं तिथे पाय सुरू होण्याचं कारणच उरलं नाही. मांदाड बंदर होतं हे आता सांगावं लागतं. वाटेचा प्रवाह समुद्राकडून हायवेकडे फिरला. त्या हायवेबद्दल काय बोलावं! पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि पुढे किती वर्षं रखडलं ते आपण सगळ्यांनी कमरेने मोजलंय. महिक कराडहून चालत याहून वेळेवर पोचत असावा.

आता मुद्द्याची गोष्ट. वाट पुन्हा जागी होते आहे.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, जंजिऱ्याच्या समोरच्या बाजूला, दिघी बंदर आहे. २०२१ साली ते अदानी पोर्ट्सने ७०५ कोटी रुपयांना घेतलं. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने देशात बारा नवी औद्योगिक शहरं मंजूर केली, त्यात दिघी आहे. ६,०५६ एकर, सुमारे ५,४६९ कोटींचा खर्च. जागा बंदरावर नाही, आत, माणगाव-तळा-रोहा या पट्ट्यात. आणि दिघीहून म्हसळा, माणगाव, ताम्हिणी घाट असा पुण्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. नकाशावर बोट ठेवून बघा. खाडी, खाडीच्या आतली सपाटी, घाट. तीच रचना. शिवभूतीच्या महाभोजाला जी जागा मोक्याची वाटली, सिद्दीला वाटली, महाराजांना वाटली, तीच आता कॉरिडॉरवाल्यांना वाटते आहे. भूगोल सुट्टीवर गेला होता, परत कामावर रुजू झाला.

मी याला सरसकट वाईट म्हणणार नाही. शनिवार-रविवार चालायला मिळावं म्हणून दुसऱ्याच्या गावाने कुलूपबंद राहावं, असं म्हणायचा हक्क मला नाही. काम गावाजवळ आलं तर दिव्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला परत यावंसं वाटेलही. पण वाट जागी होते तेव्हा प्रश्न येतो, नोंद कुणाची होणार? जमीन घेतली जाते तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. ज्याचं नाव नाही तो त्या वाटेवर कधी नव्हताच, असा कागदाचा न्याय. बांधाला आयुष्यभर माती घालणाऱ्या पण दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या माणसाचं नाव तिथे असेलच असं नाही. डोंगरउतारावर दळीच्या तुकड्यात नाचणी-वरी काढणाऱ्या कातकऱ्यांना, ठाकरांना वनहक्काचा कायदा २००६ साली मिळाला. कायदा झाला म्हणून कागद आपोआप हातात येत नाही.

आणि मुली. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलग्यांइतका हक्क दिला, केंद्राने २००५ साली. कायदा स्पष्ट आहे. पण गावोगाव काय होतं ते आपल्या घरांतही माहीत आहे. जमिनीला भाव आला की बहिणींना साडीचोळी होते आणि हक्कसोडपत्रावर सह्या होतात. 'आपलं माहेर तुटू नये' म्हणून त्या करतातही. जी जमीन काल कुणी विचारत नव्हतं तिला आज एकराचा भाव फुटला, की पहिली नावं गळतात ती यांची.

कुड्याच्या सहाव्या लेण्यात उभं राहून हे आठवलं की जरा गप्प व्हायला होतं. सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. तो काळ समतेचा होता असं मी म्हणत नाही, भलतं गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण एका कारकुनाच्या घराने, वाटेवर पैसा खेळत असताना, मुलींनी दिलेले खांब मुलींच्या नावाने लिहून ठेवले. आणि त्या अक्षरांनी महाभोज, सिद्दी, मराठे, इंग्रज, नवाब सगळे पाहिले. आता कॉरिडॉर बघतील.

तर जाऊन या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तेव्हा भात कापून झालेला असतो, खाचरांत वाल असतो, आणि नशीब असेल तर कुणीतरी पोपटीचं मडकं लावलेलं असतं. इंदापूरहून एसटी नाहीतर मिनीडोअरने तळा, सकाळच्या गारव्यात गड, मग खाली उतरून खाडीकडे. पाणी भरपूर घ्या. लेण्यांत नावं कोरू नका, तिथली यादी पूर्ण झालेली आहे. शिलालेखांचं वाचन आधी कुठूनतरी छापून घेऊन जा, दगडासमोर ते हातात असलं की काम सोपं होतं. मांदाडला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, परतीची शेवटची गाडी मात्र आधीच विचारून ठेवा. आणि आजीने विचारलं कुणाकडे आलात, तर यावेळी उत्तर आहे. शिवभूतीच्या पुतण्यांकडे म्हणून सांगा. तिला काही कळणार नाही, पण पाणी नक्की मिळेल.